उरलेले ठोके

“हात काढ आधी त्या दोरावरून,” दानियल मास्तर म्हणाले.

आवाज अजिबात चढवला नव्हता, तरी मी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. १९७६ चा मे महिना, दुपारचे बारा वाजायला आलेले. खडकमळ्याच्या काळ्या दगडी चर्चशेजारी एक चौथरा होता, त्यावर चार खांब आणि खांबांच्या मधोमध ती घंटा. मिशनऱ्यांनी कधीकाळी बोटीतून आणलेली, चांगली कळशीच्या दुप्पट. समोर दोर लोंबतोय आणि तो ओढायचा नाही, हे तेवीस वर्षांच्या ड्रमरला कसं जमणार?

“नुसता आवाज बघत होतो, मास्तर.”

“आवाज बघायला ती काय ढोलकी हाये? रविवारी सकाळी वाजती, नाहीतर माणूस गेल्यावर. तिसरं कारण नाय.”

मी शांत्याकडे पाहिलं. शांतवन उजागरे. मास्तरांचा मुलगा आणि आमच्या बँडचा ऑर्गनवाला. तो चपलेनं माती उकरत उभा होता. स्टेजवर अंगात आल्यासारखा वाजवायचा, पण वडिलांसमोर त्याची बोलती बंद व्हायची.

बँडचं नाव ‘खग्रास’. पुण्यातली चार पोरं. ड्रमवर मी, श्रीरंग दाबके, आणि बँडचा म्होरक्याही मीच, कारण भांडायला मीच पुढे असायचो. ऑर्गनवर शांत्या, गिटारवर नंदन, बेसवर इक्बाल. त्या काळात इंग्रजी रेकॉर्डींवर एकेक गाणं अख्खी बाजू व्यापायचं. मधेच लय बदलायची, मधेच देवळात शिरल्यासारखं सगळं शांत व्हायचं, आणि आम्ही त्या रेकॉर्डी झिजेपर्यंत ऐकायचो. तसं गाणं मराठीत करायचं खूळ आमच्या डोक्यात होतं. मुंबईच्या एका कंपनीनं कशी कोण जाणे संधी दिली. पंचवीस तारखेला स्टुडिओ मिळणार होता. एका बाजूला एकच लांब गाणं, दुसऱ्या बाजूला चार छोटी.

चार छोटी तयार होती. लांब गाण्याला नाव होतं, ‘टळटळीत’. सुरुवात होती, शेवट होता. मधे भगदाड. नंदनच्या वडिलांनी त्याला जूनपासून बडोद्याला नोकरीला चिकटवलेलं होतं आणि इक्बालच्या घरी दुकान वाट बघत होतं. रेकॉर्ड झाली नसती तर खग्रास तिथंच सुटलं असतं. शांत्या म्हणाला, आमच्या गावच्या चर्चमध्ये पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन आहे, तिथं बसून काहीतरी सुचेल. म्हणून उसना स्पूलचा टेपरेकॉर्डर घेऊन आम्ही नगर जिल्ह्यातल्या त्या उन्हात येऊन पडलो होतो. सात दिवस झाले होते आणि काहीही सुचलं नव्हतं.

“मास्तर, फक्त पाच मिनिटं,” मी म्हणालो. “टेप करून घेतो. गाण्यात घालायचीय.”

मास्तर चौथऱ्यावर टेकले. एकाहत्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवलेलं आणि तितकीच वर्षं ही घंटा वाजवलेली.

“तुला आमची रीत माहीत नाय, म्हणून सांगतो. माणूस गेलं की त्याच्या वयाएवढे ठोके द्यायचे. वर्षाला एक. माणसं रानात असत्यात, हातातलं काम थांबवून मोजत्यात. सहा ठोक्यांवर थांबली तर बाया तिथंच रडाया लागत्यात. बेचाळीसवर थांबली तर कोण, ते सगळ्यांना कळतं.”

“मग?”

“मग रविवार सोडून, कुणी गेलेलं नसताना वाजवली, तर जेवढे ठोके दिले तेवढ्या वयाचं माणूस ती मागून घेते.”

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. नंदननं मला कोपरानं ढोसलं. मास्तरांना राग आला नाही. शाळेत खूप हसणारी पोरं बघितली असावीत.

तेवढ्यात शांत्या बोलला. “बाबा, हे गाणं झालं नाही तर मी परत येतो. इथंच शाळेत लागतो. तुम्ही म्हणाल तसं.”

“धमकी देतो का?”

“नाही. खरं सांगतोय.”

ऑर्गन मास्तरांनीच शिकवला होता त्याला, पाय भात्यापर्यंत पोचत नव्हते तेव्हा स्वतः खाली बसून हातानं भाता दाबून. मग त्यांनी विचारलं, “अडलंय का तुझं तिच्यावाचून?”

“हो.”

मास्तर उठून घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, मयतीला जातात तसा.

“मी वाजवतो. माझे वाजवतो. एकाहत्तर. मागितलंच तर मला मागंल, माझं काय राहिलंय आता?” आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, “पण तू शब्द दे. एक ठोका कमी करायचा नाय, एक वाढवायचा नाय. पुरे एकाहत्तर आहेत तोवर ते माझे. कमी केलेस तर माझे राहणार नाहीत. मग ती आपल्या मनानं कुणाचे तरी समजंल.”

“दिला शब्द,” मी म्हणालो. मला घंटा हवी होती. त्यांनी त्या क्षणी माझी किडनी मागितली असती तरी मी हो म्हणालो असतो.

टेप सुरू केली. बरोबर बाराचं ऊन डोक्यावर होतं, कुणाची सावली पायाबाहेर पडत नव्हती. मास्तरांनी सदऱ्याच्या डाव्या खिशातून सात चिंचोके काढून आम्हाला दाखवले आणि परत ठेवले. घंटा वाजवताना बोलायचं नसतं, आकडेसुद्धा मनात म्हणायचे नसतात, नाहीतर चूक होते. दहा ठोके हाताला पाठ असतात. दहा झाले की एक श्वास घ्यायचा आणि तेवढ्यात एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा.

पहिला ठोका पडला. आवाज कानांत येत नव्हता, चौथऱ्यातून पायांत चढत होता. तो पूर्ण विझायच्या आत दुसरा. गावात कुत्री भुंकायची थांबली. पलीकडच्या मळ्यात दोन बाया पाठ वाकवून खुरपत होत्या, त्या सरळ उभ्या राहिल्या आणि चर्चकडे तोंड करून मोजू लागल्या. एवढ्या लांबून त्यांचे चेहरे दिसत नव्हते, पण त्यांची बोटं हलताना दिसत होती असं मला अजून वाटतं.

दहा ठोके. श्वास. दहा ठोके. श्वास.

तिसऱ्या वेळी माझ्या डोक्यात दिवा लागला. ते दहा नव्हते, अकरा होते. श्वाससुद्धा मोजायचा होता! दहा भरलेले आणि अकरावा रिकामा. मी मांडीवर बोटं आपटायला लागलो. शांत्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्यालाही ते त्याच क्षणी कळलं. आमच्या दोघांचं नेहमी असंच व्हायचं. आमचा जन्मही आठ दिवसांच्या अंतरानं झालेला, तो मोठा.

सत्तराव्या ठोक्यानंतर सातवा चिंचोका उजव्या खिशात गेला. मग एकच ठोका. मास्तरांनी दोर सोडला आणि लांब श्वास सोडला. तोही टेपवर आला.

मळ्यातल्या बाया धावत आल्या. त्यातली एक शांत्याची धाकटी बहीण सुवार्ता होती. वडिलांना उभं बघून ती मटकन खाली बसली. “मी एकाहत्तर मोजले,” एवढंच म्हणत राहिली. मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “बरोबर मोजलेस.”

त्या दुपारी गाणं झालं. अक्षरशः तीन तासांत. चर्चमध्ये आम्ही ड्रम लावले. दहा मात्रा मी वाजवायचो आणि अकराव्या रिकाम्या मात्रेत शांत्या ऑर्गनचा एकच खोल सूर सोडायचा. बाकावर बसलेली एक म्हातारी म्हणाली, कुणीतरी उसासे टाकल्यासारखं वाटतंय. इक्बालच्या अंगावर काटा आला, त्यानं बाही वर करून दाखवला. एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. त्यानंतर लोकांनी त्या अकरा मात्रांवर पानंच्या पानं लिहिली. कुणी म्हणालं कर्नाटकी तालावरून घेतलं, कुणी त्यात ग्रहणाचं गणित शोधलं. खरं कारण एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याचा खिसा होता.

पंचवीस तारखेला मुंबईत स्टुडिओ. रेकॉर्डिंग सुरेख झालं. गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबायची आणि घंटा सुरू व्हायची, जवळजवळ एकटी. खाली फक्त माझा मोठा ड्रम हळू वाजायचा. एकाहत्तर ठोके संपले की ऑर्गन अंगावर कोसळायचा.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे चिटणीस साहेब आले. त्यांनी घड्याळ लावून ऐकलं.

“साडेचोवीस मिनिटं होतायत. बावीसच्या वर एका बाजूला बसत नाही. बसवलं तर आवाज मरतो.”

“मग?”

“मग अडीच मिनिटं काढा. आज संध्याकाळी टेप कारखान्यात जायला हवी. नाहीतर पुढचा नंबर दिवाळीनंतर.” आणि जाता जाता म्हणाले, “ती घंटा काढा की. पाच मिनिटं नुसतं ठण ठण, लोकांना वाटेल सुई अडकली.”

शांत्या त्या दिवशी स्टुडिओत नव्हता. दादरच्या लॉजवर तापानं फणफणला होता. मी खालच्या दुकानातून फोन केला.

“काहीही काप,” तो म्हणाला. “माझा सोलो काप. पूर्ण काप. घंटेला हात लावू नकोस रंग्या, बाबांना शब्द दिलायस तू.”

“हो रे बाबा. झोप तू.”

आता खरं सांगतो. हे मी कुठल्याही मुलाखतीत सांगितलेलं नाही. त्या गाण्यात शेवटाकडे माझा ड्रमचा सोलो होता. अडीच मिनिटांचा. तो काढला असता तर सगळंच सुटलं असतं. मी वर जाताना जिन्यात त्याचा विचारही केला. शांत्याचा सोलो कापण्याइतका मी नालायक नव्हतो आणि स्वतःचा कापण्याइतका मोठा नव्हतो. मग घंटाच राहिली. एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या खुळचट समजुतीपायी माझा सोलो का जावा, असं मी मनाशी म्हणालो. अगदी याच शब्दांत.

रेकॉर्डिस्ट डिकुन्हा हातानं स्पूल मागेपुढे करून जागा शोधत होता. एका ठिकाणी तो थांबला.

“इथे कट मार. बघ, कबुतरं उडतायत. त्या फडफडीत जोड कुणाला कळणार नाय.”

खरंच, एका ठोक्यानंतर पंखांची मोठी फडफड होती. मी मोजलं. तो चौतिसावा ठोका होता. तीन वेळा दहा, आणि चौथ्या वेळी चारच. मी त्या दुपारी चौथऱ्यापासून दोन हातांवर उभा होतो. एकही कबुतर उडालेलं मला आठवत नव्हतं. पण घाई होती. डिकुन्हानं ब्लेडनं टेप कापली, पुढचे सदतीस ठोके बाहेर काढले आणि ऑर्गन जिथं सुरू होतो तिथलं टोक चिकटपट्टीनं आणून जोडलं. कापलेल्या टेपचं मुठीएवढं वेटोळं तो टोपलीत टाकणार होता. मी ते मागून घेतलं आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. का घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही.

रेकॉर्ड निघाली. गाजली. घंटा चौतिसाव्या ठोक्यावर अचानक तुटते आणि ऑर्गन येतो, ती जागा तर लोकांनी डोक्यावर घेतली. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, ‘आयुष्य मधेच तुटावं तसं.’ मी ते कात्रण पाकिटात घालून फिरायचो.

शांत्यानं रेकॉर्ड पहिल्यांदा माझ्या खोलीवर ऐकली. घंटा सुरू झाली तसा तो बोटांवर मोजायला लागला. फडफड आली, ऑर्गन आला. त्याची बोटं तशीच राहिली.

“चौतीस,” तो म्हणाला.

“अरे, बसत नव्हतं...”

“बाबांना ऐकवू नकोस.” बस, एवढंच. मला वाटलं होतं शिव्या घालेल, दोन दिवस बोलणार नाही. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

खग्रास तीन वर्षांनी सुटलंच. नंदन तोवर टाळलेल्या नोकरीसाठी बडोद्याला गेला, इक्बाल दुकानात बसला. शांत्या नगरला एका शाळेत संगीत शिकवायला लागला आणि मी मुंबईत सिनेमांसाठी वाजवत पोट भरू लागलो. पण दरवर्षी तीन मार्चला, त्याच्या वाढदिवसाला, त्याचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, “बाबा ठणठणीत आहेत.” मग मी सुटल्यासारखा हसायचो आणि आम्ही दुसरं बोलायचो. आम्हा दोघांनाही भीती मास्तरांच्या जिवाचीच होती. इतकी वर्षं आम्ही चुकीच्या माणसावर पाळत ठेवून काढली.

१९८७ च्या तीन मार्चला फोन आला. “बाबा ठणठणीत आहेत.” आणि मग जरा थांबून, “आज मला चौतीस पूर्ण झाली, रंग्या.”

“मग? मलाही होतील आठ दिवसांनी.”

“हो ना,” तो म्हणाला. “तेच म्हणतोय.” आणि फोन ठेवला.

मे महिन्यात सुवार्ताची तार आली.

मी पोचलो तेव्हा शांत्याला चर्चमध्ये पुढे ठेवलं होतं. सुट्टीला म्हणून तो गावी आला होता. आदल्या दिवशी दुपारी बाराला एकटाच ऑर्गनवर जाऊन बसला. लोकांनी एक खोल सूर ऐकला. तो सूर थांबेचना म्हणून सुवार्ता बघायला गेली, तर तो पट्ट्यांवर डोकं टेकून पडलेला. हृदय बंद पडलं होतं. पाय भात्यावरून कधीच सरकले होते.

“पाय थांबले की ऑर्गन वाजत नाही, रंगादादा,” सुवार्ता मला सांगत होती. “मी हात लावला तेव्हा अंग गार होतं. आणि सूर चालू होता.”

मी खाली वाकून भाता बघितला.

मयत बाहेर काढायच्या आधी मास्तर चौथऱ्यावर चढले. ब्याऐंशी वर्षांचे. गावातले दोघे पुढे झाले, त्यांना मास्तरांनी हातानं मागं सारलं. धुतलेला पांढरा सदरा. डाव्या खिशातून त्यांनी चिंचोके काढले, आणि मी बघितलं, ते सात होते. एवढे कशाला लागणार होते?

दहा ठोके. श्वास. एक चिंचोका. दहा ठोके. श्वास. दुसरा. माझ्या मांडीवर माझी बोटं आपोआप चालत होती, ती मला थांबवता येईनात. तिसरा. मग एक, दोन, तीन, चार.

मास्तरांनी दोर सोडला आणि चर्चच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली. फडफड तीच होती. मी ती शेकडो वेळा ऐकलेली होती, तिचा प्रत्येक पंख मला पाठ होता. पहिला मोठा फटकारा, मग दोन लहान, मग सगळी मिळून. अकरा वर्षांपूर्वीच्या टेपवर जी फडफड होती ती त्या दिवशीची नव्हतीच. ती या दिवसाची होती.

पुरून आल्यावर माणसं पांगली. मास्तर ऑर्गनशेजारच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्या पायांशी जाऊन बसलो.

“मास्तर, मी शब्द मोडला.”

“ठाऊक हाये. रेकॉर्ड निघाली त्याच वर्षी ऐकली मी. सुवार्तानं लावली होती.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? शांत्याला तरी...”

“काय सांगणार? कुणाचे हायेत ते कळत नव्हतं ना.” ते समोर बघत बोलत होते. “गावात ज्याला चौतिसावं पुरं होई, त्याच्या घरी मी जाऊन बसायचो. वर्षभर. रोज दुपारी बाराला. भिकाजीच्या घरी बसलो, एस्तेरच्या घरी बसलो. पस्तिसावं पुरं झालं की उठायचो. लोक म्हणत, मास्तर म्हातारपणी खुळावले.” त्यांनी ऑर्गनकडे बोट केलं. “हा नगरला होता. हा माझ्या हिशोबातच आला नाय बघ. बापाला पोर कायम लहानच वाटतं.”

मी रडलो. खूप रडलो. मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही आणि मला लाथही मारली नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “कापलेले कुठं टाकलेस?”

“टाकले नाहीत. माझ्याकडे आहेत. डब्यात.”

“सदतीस?”

“हो.”

“तुझं वय काय?”

“त्याच्याएवढंच. आठ दिवसांनी लहान.”

मास्तरांनी डाव्या खिशात हात घातला. उरलेले चार चिंचोके काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ मिटवली. त्यांचा हात बर्फासारखा गार होता, मे महिन्यात.

“मग ते तुझे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. शाळेत गणित समजावून सांगावं तसं म्हणाले, “चौतीस त्याला गेले. सदतीस तुझ्यापाशी राहिले. घालून बघ. तू माझ्याएवढा होशील. त्या दिवशी मी होतो तेवढा. तवर तुला काय होणार नाय.”

मास्तर त्यानंतर नऊ वर्षं जगले. घंटेनं त्यांना मागितलं नाहीच.

आणि मला काही झालं नाही. खरोखर काही झालं नाही. खंडाळ्याच्या घाटात आमची गाडी दरीत गेली, तिघे गेले, मी खरचटलेल्या कोपरानं चढून वर आलो. छातीत दोन झडपा बसवल्या, डॉक्टर म्हणाले तुम्ही नशीबवान. बायको गेली, नंदन गेला, इक्बाल गेला. मी प्रत्येक मयतीला उभा राहिलो आणि दरवेळी एकच वाटायचं, की हे जगणं माझं नाही. एका मित्राच्या गाण्यातून कापून घेतलेलं आहे. रात्री शांत झोपायचो हे त्याहून वाईट, कारण भीतीच नव्हती. आकडा ठाऊक होता.

या वर्षी, २०२४ च्या अकरा मार्चला, मला एकाहत्तर पूर्ण झाली.

परवा कंपनीतून एका बाईंचा फोन आला. ‘टळटळीत’ पुन्हा काढतायत, नव्या तंत्रानं, जुन्या टेप साफ करून. “सर, घंटेच्या भागात जोड दिसतोय. तिथलं काही कापलं होतं का? आता वेळेची अडचण नाही, मिळालं तर पूर्ण घालता येईल.”

“मिळेल,” मी म्हणालो. “पण एक अट आहे. घंटा पुरी घाला आणि शेवटचा माझा सोलो काढून टाका.”

“अहो सर, वेळ भरपूर आहे, दोन्ही राहील! आणि तो सोलो तर लोक...”

“काढा. त्यासाठी जे गेलं ते परत येत नाही, पण तो तरी राहायला नको.”

त्या उद्या येणार आहेत. आज दुपारी मी डबा उघडला. जुन्या मशीनवर ते वेटोळं स्वतःच्या हातानं चढवलं. चार चिंचोके समोर मांडले. बारा वाजले होते, खिडकीबाहेर ऊन पांढरं पडलं होतं. सगळे ठोके ऐकले. बरोबर सदतीस. शेवटचा ठोका विझत गेला, आणि त्यानंतर, टेप संपायच्या आधी, मास्तरांनी सोडलेला तो श्वास ऐकू आला. लांब, सावकाश, अकराव्या मात्रेतला.

ठोके मार्चमध्येच संपले आहेत. आता मे चालू आहे. मी सध्या त्या श्वासात आहे.